जर्सी न जाळता चुण्या कशा काढायच्या: नव्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत एक नवा कपडा येतो: मुलाची किंवा मुलीची पहिली ड्रायफिट, म्हणजे घाम लवकर वाळवणारी, बहुधा पॉलिएस्टरची जर्सी. कुणाची कबड्डीच्या संघात निवड झालेली असते, कुणी फुटबॉल खेळू लागलेली असते, कुणी सैन्यभरतीसाठी पहाटे पळायला जात असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे भरतीची तयारी करणारी मुलं इथे गल्लोगल्ली भेटतात, आणि त्यांचे ट्रॅकसूट घरोघरी दोरीवर दिसतात.

या कपड्याबद्दल घरात कुणाला फारसं माहीत नसतं. आपल्या आया-आज्यांनी आयुष्यभर सुती कपडे आणि साड्या हाताळल्या. ती विद्या खरी आहे, पण जर्सीच्या बाबतीत ती बरीचशी उलटी पडते. जोरात पिळलेला, पाणी शिंपडून कडक इस्त्रीखाली घातलेला शाळेचा पांढरा शर्ट छान दिसतो. तीच वागणूक जर्सीला दिली तर पाठीवरचा नंबर इस्त्रीला चिकटून निघतो, नाहीतर छातीवर चकचकीत पट्टा उमटतो आणि तो पुन्हा जात नाही. आमच्या मंडळाच्या कबड्डी संघाचे कपडे मी सांभाळतो. नवीन मुलांच्या घरून दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीला एकच गोष्ट लक्षात घ्या, बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. कृत्रिम धाग्याची चुणी उष्णतेने बसते आणि उष्णतेनेच सुटते. पण त्यासाठी उष्णता फार थोडी लागते, आणि कपडा पूर्ण थंड होईपर्यंत सपाट राहावा लागतो.

चुणी बसते कशी

कापूस पाणी पितो. सुताच्या धाग्यात पाणी आत शिरतं, धागा सैल होतो, आणि ओलं करून ताणलं की अर्धी चुणी तिथेच जाते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणूनच जर्सी लवकर वाळते, आणि म्हणूनच तिच्यावर नुसतं गार पाणी शिंपडून चुणी जात नाही. पाणी वरच्यावर राहतं.

पॉलिएस्टरला सैल करते ती ऊब. साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसला हा धागा मेणासारखा नरम पडायला लागतो आणि गार झाला की ज्या आकारात असेल त्याच आकारात घट्ट होतो. गरम पाण्यात धुतलेली जर्सी मशीनमध्ये चुरगळलेल्या अवस्थेत गार झाली, किंवा अथणी-रायबागच्या एप्रिलच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत बॅगेखाली दाबून राहिली, तर चुणी पक्की होते ती याच कारणाने. वितळण्याचा टप्पा मात्र फार वर आहे: पॉलिएस्टर 250 अंशांच्या पुढे वितळतो. पण 250 ऐकून निर्धास्त होऊ नका. कापडाचा वरचा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी आधी चेपून चकचकीत होतो, आणि छपाईचा गोंद त्याहूनही आधी सुटतो.

नायलॉनचं थोडं वेगळं आहे. तो थोडं पाणी पितो आणि ओला असताना कमी उष्णतेला नरम पडतो, म्हणून नायलॉनची शॉर्ट्स किंचित दमट असतानाच सरळ करणं सोपं जातं. काही प्रकारचा नायलॉन 220 अंशांच्या आसपास वितळतो, तेव्हा त्याच्याशी अधिक जपून वागा. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत जो ताण असतो तो स्पॅन्डेक्सचा. लेबलवर त्याला एलास्टेन किंवा लायक्राही म्हणतात. उष्णतेने सगळ्यात लवकर खराब होतो तो हाच. एकदा त्याची लवचीकता गेली की गुडघ्यावर आणि कमरेवर कपडा सैल लोंबत राहतो.

लेबल पाहिल्याशिवाय हात लावू नका

मानेच्या मागे किंवा डाव्या बाजूच्या शिवणीत आतून एक छोटी पट्टी असते. पुष्कळजण ती टोचते म्हणून कापून टाकतात. कापायची असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यावर इस्त्रीचं छोटं चित्र असतं. चित्रात एक ठिपका असेल तर इस्त्रीचा तळ जास्तीत जास्त 110 अंश, दोन ठिपके म्हणजे 150, तीन म्हणजे 200. इस्त्रीवर फुली असेल तर इस्त्री नाहीच. इस्त्रीच्या खाली निघणाऱ्या रेघांवर फुली असेल तर वाफ द्यायची नाही. खेळाच्या कपड्यांवर बहुतेक वेळा एक ठिपका किंवा फुली सापडते.

इथल्या दुकानांतून शिवून घेतलेल्या संघाच्या जर्सींना पुष्कळदा लेबलच नसतं. अशा वेळी एकच ठिपका आहे असं धरून चाला.

मग छपाई पाहा. हात फिरवल्यावर नंबर कपड्याहून वेगळा लागत नसेल, रंग धाग्यातच मुरलेला असेल, तर ती सब्लिमेशनची छपाई. ती जवळपास 200 अंशांवर कपड्यात उतरवलेली असते, सौम्य उष्णतेने तिला काही होत नाही. नंबर रबरासारखा जाड लागत असेल, कडेला नख अडकत असेल, तर तो वरून चिकटवलेला आहे. असे नंबर साधारण 150 अंशांच्या आसपास दाबून बसवतात, म्हणजे त्याच उष्णतेला त्याचा गोंद पुन्हा मऊ होणार. या भागावर इस्त्री थेट कधीच टेकवायची नाही. चमकणाऱ्या पट्ट्या, कंपनीचा चिकटवलेला लोगो, प्लास्टिकची चेन यांनाही हाच नियम.

निम्मं काम धुतानाच होतं

माझ्या मते चुण्या काढण्यापेक्षा त्या पडू न देणं कितीतरी सोपं आहे, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

खेळून आल्यावर जर्सी बॅगेतून लगेच बाहेर काढा. घामाने ओला गोळा रात्रभर बॅगेत राहिला की वासही बसतो आणि घडीच्या रेघाही. जर्सी उलटी करा, म्हणजे नंबर आत जाईल. गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात, 30 अंशांच्या आसपास, थोड्या साबणात धुवा. जीन्स, टॉवेल, चादरी यांच्याबरोबर टाकू नका. त्या जड कपड्यांखाली जर्सी चेंगरते आणि टॉवेलचा कापूस तिला चिकटतो. मशीन अर्धवट भरलेलं असावं आणि पिळण्याचा वेग सगळ्यात कमी ठेवा. हाताने धुत असाल तर दगडावर आपटू नका, ब्रशने घासू नका, आणि दोन टोकं धरून पीळ तर मुळीच देऊ नका. पाणी निथळू द्या. घाई असेल तर कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि हाताने दाबा.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण, खळ, क्लोरीनचं ब्लीच या तिन्ही गोष्टी इथे नकोत. मऊ करणारं द्रावण धाग्यावर पातळ थर सोडतं आणि घाम बाहेर ओढून वाळवण्याची जर्सीची ताकद कमी होते. ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गुण त्या द्रावणाने घालवायचा, हे मला पटत नाही. खळीचं तेच. क्लोरीन स्पॅन्डेक्सचा धागा कुजवतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन थांबल्या क्षणी कपडे बाहेर काढा. दोन्ही हातांनी खांद्यात धरून तीन-चार वेळा जोरात झटका, शिवणी आणि कॉलर बोटांनी ओढून सरळ करा, आणि रुंद खांद्याच्या प्लास्टिकच्या हँगरवर घाला. दोरीवर मधोमध टाकली तर पोटावर आडवी रेघ पडणारच. हँगर नसेल तर खालच्या घेराला दोन चिमटे लावून उलटी टांगा. ट्रॅक पँटला कमरेशी चिमटे लावा, पाय खाली मोकळे सोडा. ओल्या कपड्याचं स्वतःचं वजनच बऱ्याच चुण्या ओढून काढतं. वाळवायचं सावलीत, कडक ऊन रंग उडवतं आणि इलॅस्टिकचं आयुष्य कमी करतं.

पावसाळ्यातलं वाळवण

आपल्या भागात जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. जांबोटी, कणकुंबीकडे तर आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. सुती कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात. जर्सीचं त्यामानाने बरं असतं, पंख्याखाली हँगरवर टांगली तर रात्रीत वाळते. दोन हँगरांत वीतभर अंतर ठेवा, म्हणजे हवा खेळेल.

काही घरांत पावसाळ्यात चुलीच्या वरच्या दोरीवर कपडे सुकवतात. घोंगड्याला, सुती धोतराला ते चालतं. जर्सी तिथे अजिबात टांगू नका. एक ठिणगी पुरते. कृत्रिम कापड जळताना वितळतं आणि अंगाला चिकटलं तर भाजण्याची जखम फार खोल होते. गॅसच्या शेगडीवर कपडा धरून सुकवणं किंवा सरळ करणं यालाही माझा ठाम नकार आहे. केस सरळ करायच्या यंत्राने कॉलर दाबणंही टाळा, ते यंत्र पुष्कळदा 150 ते 200 अंशांपर्यंत तापतं.

आधी वाफ

वाळल्यावरही चुण्या राहिल्या तर पहिला उपाय इस्त्री नव्हे. पहिला उपाय वाफ.

अंघोळीला जाताना जर्सी हँगरवर घालून न्हाणीघरात, पाणी उडणार नाही अशा जागी टांगा. बंबाचं किंवा गिझरचं कडक पाणी बादलीत सोडा, दार-खिडकी लावून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत कपडा उबदार आणि दमट होतो. मग हाताने वरून खाली हलकेच ओढत जा: आधी खांदे, मग बाह्या, शेवटी घेर. लाकडाचा बंब न्हाणीघरातच पेटवत असाल तर दार मुळीच बंद करू नका, धूर आणि कोळशाचा वायू जिवाला धोका करतात. तिथे पाणी बादलीत काढून दुसऱ्या खोलीत वाफ द्या.

यानंतर लोक चुकतात ते इथे. जर्सी न्हाणीघरातून काढतात आणि लगेच घडी घालतात किंवा अंगात चढवतात. ऊब असलेला धागा अजून नरमच असतो, घडी तशीच बसते. बाहेर आणून पंख्याच्या वाऱ्यात दहा मिनिटं तशीच टांगलेली राहू द्या. गार झाली, कोरडी लागली, की झालं.

हाताने धरायचा वाफेचा स्टीमर घरात असेल तर उत्तम. तो कपड्यापासून दोन-तीन इंच लांब ठेवा, आतल्या बाजूने फिरवा, चिकटवलेल्या नंबरावर थांबू नका. वाफेच्या समोर दुसरा हात धरू नका. रोजच्या सरावाच्या कपड्यांना एवढं पुरतं.

गरम पाण्याचं पातेलं

भाड्याच्या खोलीत राहून भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडे इस्त्री नसते, स्टीमर तर नसतोच. त्यांच्यासाठी हा उपाय मी आवर्जून सांगतो, कारण यात जर्सी जळणं जवळजवळ अशक्य आहे.

सपाट, गुळगुळीत बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा घट्ट झाकणाचा डबा घ्या. बूड बाहेरून स्वच्छ घासलेलं, काजळी नसलेलं हवं. पाणी उकळा आणि पातेलं निम्म्यापेक्षा कमी भरा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे पाणी 97-98 अंशांनाच उकळतं, म्हणजे बूड त्याहून जास्त तापूच शकत नाही. पॉलिएस्टर नरम पडतो 70-80 ला, आणि एक ठिपक्याची मर्यादा आहे 110. उकळतं पाणी नेमकं या दोन्हींच्या मध्ये बसतं. विजेच्या इस्त्रीचं बटन कितीही जपून फिरवलं तरी इतकी खात्री मिळत नाही.

कडक टेबलावर किंवा फरशीवर चादरीची दुहेरी घडी घाला. जर्सी उलटी करून पसरा, हातांनी सरळ करा, वर किंचित दमट सुती पंचा टाका. पातेलं त्यावर ठेवा, दहापर्यंत मोजा, उचला, पुढच्या जागी ठेवा. पाणी कोमट झालं की बदला. संपूर्ण पुढची बाजू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. मग पंचा काढा आणि जर्सी तशीच पसरलेली गार होऊ द्या. कारखान्यात बसलेली घडीची रेघ याने पूर्ण जाणार नाही, पण मैदानावर उतरण्यापुरता कपडा नीट दिसतो.

भाजण्याचा धोका मात्र आहे. पलंगावर, गादीवर हे करू नका, पातेलं डगमगतं. जवळ लहान मूल नको. पातेलं दोन्ही हातांनी, सुती फडक्याने धरा.

इस्त्री करायचीच असेल तर

संघाचा फोटो आहे, बक्षीस समारंभ आहे, नवी जर्सी पाकिटातून निघाली ती घड्यांच्या रेघांसकट. अशा वेळी इस्त्री लागते. जर्सी एकदा गार पाण्यात धुवून, वाळवून घ्या; निम्म्या रेघा तिथेच जातात. उरलेल्यांसाठी हा क्रम ठेवा.

1. इस्त्रीचा तळ पाहा. आधीच्या कपड्याची खळ किंवा काळपट डाग असेल तर ते पुसून काढा, नाहीतर जर्सीवर उतरेल.

2. बटन सगळ्यात खालच्या खुणेवर ठेवा. आपल्याकडच्या साध्या इस्त्र्यांवर तिथे नायलॉन किंवा सिंथेटिक लिहिलेलं असतं.

3. पहिल्यांदा लाल दिवा विझला की लगेच सुरू करू नका. सुरुवातीला इस्त्री ठरलेल्या उष्णतेच्या बरीच पुढे जाते. दिवा एकदा पुन्हा लागून विझू द्या.

4. ओल्या बोटाने तळावर एक थेंब झटका. हळूहळू चुरचुरत आटला तर ठीक. थेंब गोळी होऊन पळत सुटला तर इस्त्री फार तापली आहे. बंद करून गार होऊ द्या.

5. जर्सी उलटी करा, वर पातळ सुती कापड टाका. जुना पंचा किंवा धुवून मऊ झालेल्या धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. रंग जाणारं किंवा खळीचं कापड नको. लेबलवर वाफेला मनाई नसेल तर कापड किंचित दमट करा.

6. शिवणीच्या आत, घेराच्या टोकाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी एकदा टेकवून पाहा. रंग, चमक, पोत बदलला नाही ना, हे उजेडात बघा.

7. इस्त्री ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा, उचला, शेजारी ठेवा. सुती शर्टासारखी घासत नेऊ नका. जर्सीचं कापड स्वेटरसारखं फाशांनी विणलेलं असतं, गरम असताना घासलं की ताणून वाकडं होतं.

8. नंबराच्या भागाला वळसा घाला. नंबराच्या आसपास फारच चुण्या असतील तर फक्त वाफ आणि हात.

9. इस्त्री बाजूला उभी करा आणि जर्सीला दोन मिनिटं तसंच पडू द्या. मगच हँगर.

बरेच कपडे असतील तर जर्सी आधी आणि सुती कपडे नंतर करा. इस्त्री तापायला वेळ लागत नाही, पण गार व्हायला लागतो, आणि कॉटनवरून खाली आणलेली इस्त्री बराच वेळ मनातल्या मनात कॉटनवरच असते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे पावसाळ्यात फार घडते. इस्त्री चालू असताना वीज जाते, माणूस उठून दुसऱ्या कामाला लागतो, आणि अर्ध्या तासाने वीज येते तेव्हा इस्त्री कपड्यावर पडलेली असते. वीज गेली की पहिलं काम प्लग ओढून काढणं. तीन पिनांचाच प्लग वापरा, हात कोरडे ठेवा, पायाखाली ओली फरशी नको.

बाहेर इस्त्रीला देताना

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांचा हात बसलेला असतो, पण कोळशाच्या किंवा गॅसच्या जड इस्त्रीला बटन नसतं. ती खादी आणि कॉटनच्या शर्टांसाठी तापवलेली असते. जर्सी इतर कपड्यांच्या गठ्ठ्यात देऊ नका. वेगळी द्या, उलटी करून द्या, आणि सोबत स्वतःचा पंचा द्या. "काका, ही शेवटी करा, इस्त्री निवल्यावर, वर हे कापड टाकून" एवढं सांगितलं की ते समजून घेतात. काका कन्नड बोलणारे असतील तर "बिसी कम्मी माडरी, म्याल बट्टी हाकरी" म्हणा: उष्णता कमी ठेवा, वर कापड टाका. ते व्यवस्थित करून देतात. तरीही चिकटवलेल्या नंबराची जर्सी मी बाहेर देऊ नका असंच सांगेन.

यांना इस्त्री नकोच

घट्ट टाइट्स आणि कॉम्प्रेशनचे कपडे: अंगात घातले की ताणून सरळ होतात, चुणी काढायची गरजच नाही. विंडचीटर आणि पावसाळी जॅकेट: आतून पातळ थर दिलेला असतो, शिवणींवर पट्टी चिकटवलेली असते, उष्णतेने ती सुटते आणि पाणी आत येतं. टांगून ठेवा, फार तर न्हाणीघराची वाफ. जाळीदार बनियन, पोहण्याचे कपडे, गुडघ्याचे पट्टे, मोजे, हेही या यादीत.

प्रवासाला निघताना जर्सीची घडी घालण्यापेक्षा सैल गुंडाळी करा, नंबर आत राहील अशी, आणि बुटांच्या वर ठेवा. कोल्हापूरला, धारवाडला स्पर्धेला जाताना एवढं केलं तर पोचल्यावर रात्री हँगरवर टांगणं पुरतं.

चटका बसलाच तर

इस्त्री ओढल्यासारखी लागली, म्हणजे चिकटायला सुरुवात झाली, तर ताबडतोब उचला आणि प्लग काढा. कपडा ओढू नका, गार होऊ द्या. इस्त्रीच्या तळाला वितळलेलं प्लास्टिक लागलं असेल तर ब्लेडने खरवडू नका, तळावर ओरखडे पडले की पुढचा प्रत्येक कपडा अडकेल. तळ कोमट असताना लाकडी उलथन्याच्या कडेने हलकेच सुटं करा, मग खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट दमट फडक्यावर घेऊन पुसा. पूर्ण गार झाल्यावर स्वच्छ ओल्या कपड्याने पुन्हा पुसा, आणि पुढच्या वेळी आधी एखाद्या जुन्या सुती चिंधीवर फिरवून पाहा.

जर्सीवर फिकट चमक आली असेल तर आतून वाफ देऊन मऊ ब्रश उलट्या दिशेने फिरवून पाहा. नुसता चेपलेला धागा कधीकधी थोडा उठतो. कडक लागणारा, काचेसारखा पट्टा झाला असेल तर धागा वितळलेला आहे, त्याला उपाय नाही. नंबराची कड सुटली असेल तर घरी फेविक्विकने चिकटवू नका, ते वाळून कडक होतं आणि खेळताना त्वचेला ओरखडतं. ज्या दुकानात छपाई केली तिथेच न्या. त्यांच्याकडे दाबाचं यंत्र असतं आणि उष्णता किती, किती सेकंद, हे त्यांना त्या नंबरासाठी माहीत असतं. नेताना जर्सी धुऊन, पूर्ण वाळवून न्या, कारण घामाच्या मिठावर गोंद धरत नाही.